आळीची गाडी

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावात विणकरांची एक आळी होती. घरोघरी माग चालायचे, पण लुगडी विकायची तर घाट उतरून पेठेत जावं लागे. वैद्यही तिकडेच. प्रत्येकाने बैल पाळावेत एवढी कोणाची ऐपत नव्हती, आणि रोज गाडी लागावी एवढं कोणाला कामही नव्हतं. म्हणून सगळ्यांनी मिळून एक गाडी आणि एक बैलजोडी घेतली.

गाडीची व्यवस्था भागाक्का नावाची एक विधवा विणकरीण बघायची. कोणाची पाळी कधी, हे तीच ठरवायची. आजारी माणूस असेल तर सगळ्यांच्या पाळ्या मागे सरत, आणि त्यावर कोणी कुरकुर करत नसे. नियम एकच होता. गाडीला काही झालं, तर आणणाऱ्याने त्याच संध्याकाळी सांगायचं. दुरुस्ती सगळे मिळून करत. सांगणाऱ्याला कोणी बोल लावायचा नाही, असं भागाक्काने पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं.

आळीत रंगनाथ नावाचा एक तरुण होता. हाताने कुशल, पण तोंडाने फटकळ. कोणी गाडीची दांडी मोडून आणली की तो हसायचा. "बैल हाकता येत नाहीत, तर चालत जावं माणसानं," म्हणायचा.

एकदा पेठेतून परतताना त्याला दुसऱ्या गावची गाडी भेटली. दोघांची शर्यत लागली. ओढ्यात रंगनाथच्या गाडीचं चाक दगडावर आदळलं. त्याने खाली वाकून पाहिलं. चाकांच्या आसाला तडा गेला होता.

त्याच्या मनात आलं, आता सगळे मला हसतील. त्याने गाडीला टांगलेल्या नळ्यातलं वंगण बोटावर घेतलं आणि तड्यावर फासलं. तडा दिसेनासा झाला.

संध्याकाळी आळीत गाडी सोडली तेव्हा भागाक्का बैलांना पाणी दाखवत होती. तिने विचारलं, "काय रे, गाडी ठीक आहे ना? सकाळी वेणूला न्यायची आहे."

"ठीक आहे अक्का. मी बघूनच सोडली," रंगनाथ म्हणाला.

वेणू त्याच्या शेजारची. तिच्यासारखे काठ आळीत कोणी विणत नसे. सकाळी ती आणि तिचा नवरा लुगड्यांचे गठ्ठे घेऊन निघाले. रंगनाथने त्यांना जाताना पाहिलं. हाक मारावी असं त्याला वाटलं. पण मग वाटलं, एवढ्याशा तड्याने काय होतंय.

घाटाच्या उतारावर आस मोडला. गाडी उलटली. नवरा वाचला, पण वेणूचा उजवा हात चाकाखाली सापडला. वैद्याने जीव वाचवला. बोटं मात्र पुन्हा मिटली नाहीत.

आळी जमली. लोक संतापले होते. "गाडी तपासायचं काम तुझं होतं, भागाक्का," कोणीतरी म्हणालं.

"माझंच होतं," ती म्हणाली. "मी शब्दावर विसंबले. आदल्या दिवशी गाडी रंगनाथनं आणली होती." ती त्याच्याकडे वळली. "वाटेत काही झालं होतं का, बाळा?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्यांत वेणूचा नवराही होता.

"नाही," रंगनाथ म्हणाला.

भागाक्का त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजपासून मी गाडी बघणार नाही." आणि ती घरी गेली.

गाडीला नवा आस बसला, पण तिच्यात बसायला कोणी तयार होईना. मागच्याने काय करून ठेवलं असेल, कोण जाणे. बैल विकले. ज्यांना जमलं त्यांनी पोटाला चिमटा काढून आपापल्या गाड्या घेतल्या. रंगनाथनेही घेतली. बाकीचे डोक्यावर गठ्ठे घेऊन घाट उतरू लागले.

पुढे रंगनाथचे वडील तापाने फणफणले. नेमका त्याचा एक बैल लंगडत होता. तो दारोदार फिरला. एक म्हणाला, "माझी जोडी आत्ताच दमून आलीय." दुसरा म्हणाला, "मोडली तर भरून कोण देणार?" तिसऱ्याने दारच उघडलं नाही. शेवटी त्याने वडिलांना पाठीवर घेतलं. पेठ दिसू लागली तेव्हा पाठीवरचं ओझं एकदम जड झालं.

वडिलांचे दिवस झाल्यावर तो भागाक्काकडे गेला. "अक्का, तो तडा माझ्या हातून गेला होता."

"ठाऊक आहे. मोडलेल्या आसाच्या तड्यात आतपर्यंत वंगण मुरलं होतं."

"मग सभेत बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर तू चोर ठरला असतास. तू बोलला असतास तर लोक रागावले असते, पण गाडीवरचा विश्वास राहिला असता. मी तुझी वाट बघत बसले. तीही चूकच झाली माझी."

रंगनाथ वेणूच्या दारी गेला. ती डाव्या हाताने दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरत होती. त्याने सगळं सांगितलं. तिने हातातली कांडी पुरी भरली आणि मग वर पाहिलं.

"त्या सकाळी तू ओट्यावर उभा होतास," ती म्हणाली. "मी तुला हात केला होता."

ती पुन्हा कांड्या भरू लागली. रंगनाथ बराच वेळ उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.

तात्पर्य: दहा जणांची वस्तू दहा जणांच्या खरेपणावर चालते. एकाने लाजेपोटी चूक झाकली, तर वस्तू पुन्हा दुरुस्त होते, विश्वास होत नाही.