सँडराइगची मुकी घंटा

दारावर टांगलेली ही पितळी घंटा बघा. फुटलेल्या कुठल्याशा जहाजावरची आहे म्हणतात. आत हात घातलात तर कळेल, तिला लोलक नाही. इंग्लंडात बहुतेक पबांमध्ये बंद करायची वेळ झाली की मालक घंटा वाजवतो, म्हणजे ज्याला शेवटचा ग्लास हवा असेल त्याने मागवून घ्यावा. सँडराइगच्या या पबात घंटा वाजत नाही, आणि इथे कुणी कुणाला लांबून हाकही मारत नाही. मालक एकेका टेबलापाशी जातो, जवळ उभा राहतो आणि हलक्या आवाजात सांगतो की वेळ झाली. तुम्हालाही तेवढी विनंती. मी बारपाशी उभा असलो तर इकडून 'काका' म्हणून ओरडू नका. उठून या.

वाकून या आत, चौकट बुटकी आहे. हेरंब, तू खिडकीकडे बस. मृण्मयी, तू विस्तवाजवळ. ही उंच पाठीची बाकं, या धुराने काळ्या पडलेल्या तुळया, ही दगडी फरशी, सगळं दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. बिअर तुम्हाला कोमट लागेल. थंड का नाही म्हणून विचारू नका. तळघरातल्या पिंपात ती अजून आंबतच असते, म्हणून इथले लोक तिला जिवंत म्हणतात. ती लाकडी मूठ आहे ना, ती हाताने ओढून बिअर वर आणावी लागते.

मी या गावात अडतीस वर्षं डॉक्टर होतो. ही हकीकत मला माझा एक पेशंट, विल्फ्रेड हॉजसन, याने सांगितली. त्याला त्याच्या आजीने सांगितलेली. सगळं असंच घडलं का, ते मी सांगू शकत नाही. असं सांगतात, एवढंच.

खिडकीतून जी खाडीतली वाळू दिसते ती चार मैल लांब आहे. ओहोटीला पाणी पार क्षितिजापर्यंत मागे जातं आणि भरतीला घोड्याच्या वेगाने परत येतं. गावातल्या बायका ओहोटीच्या वेळी आत जाऊन वाळूतले शिंपले वेचायच्या, आपल्याकडे कोकणात तिसऱ्या काढतात तशा. मुठीएवढ्या लोखंडी पंजाने वाळू उकरायची, टोपली भरायची आणि पाणी वळायच्या आत घरी. उन्हाचा दिवस असला तर भीती नसे. धुकं आलं की मात्र किनारा कुठल्या बाजूला आहे तेच कळत नसे.

हा पब तेव्हा हॅना ब्रेथवेट नावाची विधवा चालवायची. बिअरही ती स्वतःच बनवायची, मागच्या अंगणात. तिचा नवरा रूबेन याच वाळूवर धुक्यात वाट चुकून बुडाला होता. तो गेला त्या आठवड्यात तिने ही घंटा दारावर टांगली आणि नवस बोलली, की वाळूवर माणूस असताना धुकं आलं तर शेवटचं पाऊल किनाऱ्याला लागेपर्यंत मी घंटा वाजवीन. एकोणीस वर्षं तिने ते पाळलं. तापाने फणफणलेली असतानाही ती दारात उभी राहिली म्हणे. त्या एकोणीस वर्षांत वाळूने एकही माणूस घेतलं नाही.

विसाव्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका सकाळी सात जणी वाळूवर गेल्या. त्यांत हॅनाची मुलगी नेली होती. तिचं लग्न ठरलेलं होतं, आणि हॅनाने तिला त्या दिवशी घरी थांब म्हटलं होतं. नेली म्हणाली, "सहा जणी जातायत आणि मी कशाला बसू?" आणि टोपली उचलून गेली.

दहाच्या सुमाराला धुकं आलं. हॅना पीठ मळत होती, तशीच पिठाच्या हातांनी बाहेर धावली आणि घंटा वाजवायला लागली. थोड्या वेळाने लांबून बायकांचा आवाज आला. सात जणी एकमेकींना सांभाळत, बोलत येत असणार. हॅनाला बरं वाटलं. पण आवाज जवळ येईना. मग तो बारीक व्हायला लागला.

विस्तवापाशी जेकब पेनी नावाचा एक आंधळा म्हातारा टोपल्या विणत बसायचा. तो चाचपडत दारात आला आणि कान देऊन उभा राहिला.

"हॅना, त्या लांब चालल्यात," तो म्हणाला.

"वाऱ्यामुळे वाटतंय तसं," ती म्हणाली, आणि जोराने वाजवायला लागली.

"वाराच नाही आज," जेकब म्हणाला. "घंटा दोन वाजतायत. एक इथे आणि एक समोर."

समोर, खाडीच्या पलीकडे, त्या हिवाळ्यात दगडाची नवी खाण काढली होती. डोंगराची झाडं-माती खरवडून भिंतीसारखा सरळ कडा उघडा केला होता. त्या कड्यावर घंटेचा नाद आपटून परत येत होता, आणि धुक्यात असलेल्या बायकांना तोच जवळचा वाटत होता. त्या त्याच्याकडे, म्हणजे खोल पाण्याच्या वाटेकडे चालल्या होत्या. हॅना जितकी जोरात वाजवी, तितका कडा जोरात बोलवी.

तिने दोरी सोडली.

एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत वाळूवरून नेलीचा आवाज आला, स्वच्छ, असं सांगतात.

"आई, थांबू नकोस. वाजव."

विल्फ्रेड हे वाक्य प्रत्येक वेळी याच शब्दांत सांगायचा. मी त्याच्याकडून ही गोष्ट चार-पाचदा ऐकली असेल.

हॅनाचा हात पुन्हा दोरीकडे गेला. जेकबने तिचं मनगट धरलं. "वाजवलीस तर मरतील," तो म्हणाला. "आणि नाही वाजवली तर?" तिने विचारलं. गावातले पुरुष तोवर होडीपाशी जमले होते. पण होडी लोटायला अजून पाणी नव्हतं, आणि पाणी आलं तेव्हा वल्हवायचं कुठे ते दिसत नव्हतं. दोन तरुण निघाले, अर्धा तास वल्हवून त्यांना किनारा लागला, आणि तो याच गावाचा किनारा होता.

तेव्हा हॅना पाण्याच्या काठाशी गेली आणि नावं घेऊन हाका मारायला लागली. माणसाचा आवाज त्या कड्यापर्यंत पोचत नव्हता, त्यामुळे तो परतही येत नव्हता. सगळ्यांना एकदम बोलावलं तर गोंधळ होईल म्हणून ती एकेकीचं नाव घेई आणि उत्तर येईपर्यंत गप्प राही. ॲग्नेस. मग मार्था. मग डॉर्कस. पहिलं नाव तिने मुलीचं घेतलं नाही. का नाही, ते कुणाला माहीत नाही. जवळून ज्यांचं उत्तर आलं त्यांना तिने आधी काठाकडे ओढलं असावं, असं मला वाटतं.

चार जणी आल्या. कमरेइतक्या पाण्यातून, आपापल्या नावाचा माग धरून आल्या. दोघींनी उत्तरच दिलं नाही.

नेली उत्तर देत होती. हॅना म्हणे, "नेली." तिकडून येई, "आले, आई." पुन्हा, "नेली." "आले." प्रत्येक वेळी आवाज थोडा लांबून यायचा. मध्ये खोल पाण्याचा ओढा भरला होता, आणि तो ओलांडून येणं कुणालाच शक्य नव्हतं. हे काठावरच्या सगळ्यांना कळलं होतं. हॅनालाही कळलं असणार. तरी ती हाक मारत राहिली, कारण मुलगी उत्तर देत होती. मग एका हाकेला उत्तर आलं नाही. तरीही ती दुपारपर्यंत, भरती उतरेपर्यंत हाका मारत होती, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी तिने स्टुलावर चढून घंटेचा लोलक काढला आणि ओढ्यात टाकला. पुढे ती एकवीस वर्षं जगली. पब चालवला, बिअर बनवली. कुणाला काही सांगायचं असलं तर उठून जवळ जायची. तिच्यामागून जे जे मालक आले त्यांनी तेच चालू ठेवलं.

आता माझं सांगतो, म्हणजे हे कुणाकडून ऐकलेलं नाही. अकरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी इथेच जेवत होतो. बाहेर तसंच दाट धुकं होतं. ॲलन, हा जो आता बिअर ओढतोय, तो तेव्हा नुकताच मालक झाला होता. वाळूवरून आवाज आले, एक बाईचा आणि एक पुरुषाचा. कुणीतरी बाहेरगावचं जोडपं फिरायला आत गेलं होतं. फोन केला. हेलिकॉप्टरला चाळीस मिनिटं लागतील म्हणाले. मी आणि ॲलन काठावर उभे राहिलो. मी डॉक्टर, हातात बॅग घेऊन. हाक मारायची तर आम्हाला नावं माहीत नव्हती. आम्ही दोघं नुसतं "हॅलो, हॅलो" करत राहिलो. तिकडची ती दोघंही ऐकायची आणि दोघंही एकदम ओरडायची, त्यामुळे काही उलगडत नव्हतं. बाई मिळाली. तो नाही मिळाला. नंतर वर्तमानपत्रात त्याचं नाव वाचलं. ॲलनने त्या सकाळी पेपर हातात धरून ते मोठ्याने म्हणून बघितलं.

नाव माहीत असतं तर तो आला असता, असं मी म्हणत नाही. नेलीचं नाव तर तिच्या आईनेच घेतलं होतं.

पण तेव्हापासून नवं माणूस या दारातून आलं की ॲलन पहिल्यांदा त्याचं नाव विचारतो, आणि ते स्वतःला नीट म्हणता येईपर्यंत टेबल सोडत नाही. तो बघा, हात पुसत इकडेच येतोय. 'हेरंब' म्हणणं त्याला जमेल. मृण्मयी, तुझं जड जाईल. दोन-तीनदा विचारेल. सावकाश सांग.