पाठीवरचा डबा

प्राचार्य निंबाळकरांचा नियम होता: जो गणितात कच्चा, त्याने आधी ‘पूर्वतयारी वर्ग’ पास करायचा, मगच बी.कॉम.च्या वर्गात पाऊल टाकायचं. रेश्मा मुलाणी दोन वर्षं तिथे अपूर्णांकच सोडवत बसली आणि शेवटी कॉलेज सोडून गेली.

त्याच आठवड्यात गणिताच्या कुंभार मॅडम बैठकीत म्हणाल्या, “या मुलांना थेट बी.कॉम.ला बसू द्या. जोडीला रोज एक तास मी जादा शिकवते.”

“अहो मॅडम, आधी पाया नको का?” प्राचार्य हसले.

मॅडम आतून पेटल्या होत्या, पण आवाज मऊ ठेवून त्यांनी विचारलं, “सर, तुम्ही पट्टीचे पोहणारे. शिकलात कसे?”

प्राचार्य खुलले. “वडिलांनी तरंगायला पाठीला रिकामा डबा बांधला आणि दिलं विहिरीत ढकलून!”

“दोन वर्षं काठावर बसवून नुसते हात मारायला नाही लावलं? मग आमच्याच पोरांना का? डबा मी बांधते की.”

कुणीतरी फिसकन हसलं. प्राचार्यांचा चेहरा उतरला. “आणि बुडाली म्हणजे?”

“रेश्मा काठावरच बुडाली, सर. पाण्यात बुडताना दिसली असती, तर निदान कुणीतरी उडी मारली असती.”