पातळ कडेचं उलथणं

फार जुनी नाही, परवापरवाची गोष्ट. धनवंतीकाकूंच्या ओट्यावर नवा एअर फ्रायर आला आणि खिळ्यावरच्या उलथण्याला म्हणाला, "तू आता माळ्यावर जा. माझ्यात मासा उलथावा लागत नाही."

उलथणं हिरमुसलं.

काकूंनी रावसाच्या बिनकाट्याच्या तुकड्यांना मीठ, हळद, कोकमाचं आगळ चोळून ते फ्रायरमध्ये ठेवले. बघता बघता ते खरपूस झाले. पण चिमट्याने उचलताच पहिला तुकडा मोडला, दुसऱ्याचा चुरा झाला.

फ्रायर कावराबावरा होऊन उलथण्याला म्हणाला, "आजोबा, जरा येता का?"

काकूंचा हात आपसूक खिळ्याकडे गेला. तव्यावर घासून पातळ झालेली उलथण्याची कड अलगद तुकड्याखाली सरकली. तुकडा अख्खाच्या अख्खा ताटात उतरला.

"मग, जाऊ माळ्यावर?" उलथण्याने विचारलं.

"आधी उरलेले काढा हो," फ्रायर म्हणाला. "आणि उद्या पापलेट आहेत."