ळुमाईचं टाकं आणि आत्याचा गूळ

पाथरआळ्याला येणारी माणसं आधी हे टाकं बघतात. कातळात खोदलेलं, पुरुषभर खोल, आणि भर वैशाखातही कडेच्या भेगेतून त्यात थेंब पडत असतो. नेमकं कुणाच्या घरी बारसं असलं तर पाहुण्यांना तिकडंही नेतात, आणि तिथं पाहुणे चक्रावतात. बाकी सगळं चार गावांसारखंच असतं. पाळणा, घुगऱ्या, हळदीकुंकू. पण नाव ठेवायला उठलेली आत्या आधी भरल्या घरात मोठ्यानं म्हणते, "मला येत नाही गं!" नाव साधं राम असलं तरी म्हणते. मग बाळाची आई तिच्या तोंडात गुळाचा खडा घालते, आणि त्यानंतरच पुढचं पार पडतं. असं का, तर त्यामागं ठकूबाई आहे.

ठकूबाई ही राणोजीची थोरली बहीण. सासर आणि माहेर एकाच गावात, त्यामुळे दोन्ही घरांत हुकूम तिचाच. पाळणे म्हणावेत तर तिनं, उखाणे घ्यावेत तर तिनं. गावात भांडण जुंपलं की ठकूबाई कुणाच्या बाजूनं बोलणार, एवढंच लोक विचारत, म्हणे.

राणोजीची बायको येसू घाटाखालची. लग्नाला बरीच वर्षं लोटली तरी तिची कूस उजवेना. शेवटी ती माहेरी गेली आणि तिथल्या झऱ्यापुढं पदर पसरून बसली. त्या झऱ्याचं नाव ळुमाई. पाणी दगडी डोणीत पडताना ळुम् ळुम् वाजतं म्हणून ळुमाई. येसूनं नवस बोलला, "लेक दे. तुझंच नाव ठेवीन, आणि तिच्या आत्याच्या तोंडून ते तिच्या कानात घालीन."

लेक झाली. गोरीगोमटी, डोळे टपोरे. ठकूबाईनं गावभर साखर वाटली. आपल्या भावाचं घर भरलं म्हणून ती एकटीच न्हाणीत जाऊन रडली, असंही सांगतात. पण येसूनं नाव सांगितलं आणि ठकूबाईची पंचाईत झाली. ळुमा! बाळ, गूळ रोज म्हणणाऱ्या तिच्या जिभेला शब्दाच्या सुरुवातीचा ळ काही वळेचना. लुमा म्हणून झालं, नुमा म्हणून झालं. ओढ्यावर पाणी भरताना पुटपुटून झालं. गावातल्या बायकांचीही तीच गत होती, पण त्यांचं काय अडलं होतं? कानात नाव सांगायचा मान आत्याचा.

येसूनं एकदा विचारलंही, "वन्सं, नाव जमतंय न्हवं?"

"त्यात काय जमायचं! तुज्या लग्नात एवढे उखाणे काय तू घेतलेस?" ठकूबाई फणकारली. झालं. आता कुणाला विचारायची सोय उरली नाही.

बारशाचा दिवस उजाडला. अंगण माणसांनी भरलं. तेव्हा हे टाकं राणोजीच्या परसात होतं, पण कोरडं ठणठणीत. ते कुणी खोदलं कुणास ठाऊक, शेळ्या त्यात सावलीला बसत.

ठकूबाई पाळण्याशी वाकली. पाठीत धपाटे घालायला बायका मागं टपूनच होत्या. तिनं मनाशी तोड काढली होती. कानातलं नाव कुणाला ऐकू जातं? हळूच उमा म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. उमा काय वाईट आहे? देवीचंच नाव. तिनं ओठ बाळाच्या कानाशी नेले. बाळानं तिची नथ मुठीत धरली आणि टकामका बघू लागलं. समोर येसू हात जोडून उभी होती, नवस आता फिटतोय म्हणून डोळे मिटून.

ठकूबाईला पुढं बोलवेना. जन्माला आलेल्या पोरीशी पहिलाच शब्द खोटा बोलायचा, आणि तोही आत्यानं? ती ताठ उभी राहिली. आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं ते भरल्या अंगणात म्हणाली, "येसू, मला येत नाही गं तुज्या लेकीचं नाव."

आता येसू रडते की काय, असं सगळ्यांना वाटलं. येसू हसली. इतकी हसली की तिला पाळण्याची दोरी धरावी लागली. "अवो वन्सं, मलाबी ल्हानपणी कुठं येत व्हतं? आदी सांगायचं न्हाई व्हय?" तिनं गुळाचा खडा आणला आणि नणंदेच्या तोंडात घातला. "टाळूला चिकटवा. आता जिभेचं टोक मागं वळवून चाटा, आन् चाटता चाटता बोला."

ठकूबाईनं चाटलं. "ळु..." म्हणाली. पुन्हा चाटलं. "ळुमा!"

मग काय विचारता! मलाही दे, मलाही दे, असं करत गुळाची ढेप फुटली. म्हातारे, पोरंसोरं, लेकुरवाळ्या, सगळे तोंड वर करून गूळ चाटतायत आणि ळुमा, ळुमा म्हणतायत. ठकूबाईनं बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि तिच्या पाठीत असे धपाटे बसले की उरलेला गूळ घशात गेला.

तेवढ्यात परसातून शेळ्या ओरडत पळत आल्या. बायका बघायला धावल्या, तर टाक्याच्या भेगेतून पाणी ठिबकत होतं. ळुम्. ळुम्. आपलं नाव इतक्या तोंडांनी घेतलेलं ऐकून ळुमाई घाट चढून आली, असं सांगतात. ओढ्यावरची पायपीट त्या दिवसापासून सुटली.

आजही पाथरआळ्यात कुठलंही नाव असो, आत्या आधी "मला येत नाही गं" म्हणते. हल्ली मुंबई-पुण्याची लेकरं बारशाला गावी आणतात, त्यांची नावं अशी असतात की आत्याला ते खरंच म्हणावं लागतं. कुणी हसत नाही. आई गूळ घालते, आत्या चाटते, सगळं घर तिच्याबरोबर नाव घोळवतं, आणि ते नीट आलं की मग धपाटे. तोवर टाक्याकडं कान देऊन बसायचं. पाणी आपलं नाव घेतच असतं.