पालखीतलं जेवण

कोंडगडच्या राजेसाहेबांना रोज मटण लागे, तर त्यांचे दिवाणजी तूप-वरणभातावर पोसलेले. कोणाचं जेवण प्रकृतीला चांगलं, यावरून गड चढताना दोघांची जुंपली. म्हणजे गड चढत होते भोई. हे दोघे आपापल्या पालखीत बसून भांडत होते.

अर्ध्या वाटेवर राजेसाहेबांनी पालख्या थांबवल्या आणि आपल्या बहिरू भोयाला फर्मावलं, "तूच निवाडा कर. हरेल त्याचा मुदपाकखाना उद्यापासून बंद."

बहिरूने मनाशी हिशेब केला. मटण हरलं तर राजेसाहेब चिडणार, वरणभात हरला तर दिवाणजी. नोकरी दोन्हीकडून जाणार.

"सरकार, मी मटण खातो. दिवाणजींचा भोई सटवा माळकरी, अंड्यालाही शिवत नाही. पण आम्हा दोघांनाही वैद्याचं घर ठाऊक नाही."

"मग आमच्याच घरी वैद्य रोज कसा?" दिवाणजींनी विचारलं.

"जेवता तुम्ही," बहिरू म्हणाला, "आणि पचवतो आम्ही."

राजेसाहेब हसत पालखीतून उतरून पायी चढू लागले, तेव्हा दिवाणजींनाही उतरावं लागलं. दोघे वर पोचले तेव्हा भांडण्याइतका दम कोणातच नव्हता. रिकाम्या पालख्यांशेजारी बहिरू सुकटीबरोबर आणि सटवा पिठल्याबरोबर निवांत भाकरी खात बसले होते.