मिणमिण्याची शपथ

त्या राज्यात विद्या कोणालाही शिकता येत असे. पदवी मात्र सूर्याची शपथ घेणाऱ्यालाच मिळे. शपथ एका ओळीची होती: ‘सूर्यावाचून दुसरा उजेड नाही.’ ती पाठ म्हणायची नाही, असा दंडक होता. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर काय घ्या! म्हणून कुलसचिव कोंबडेराव ती ताडपत्रावरून वाचत आणि विद्यार्थी मागून म्हणे. सूर्य आपल्याच हाकेने उठतो अशी कोंबडेरावांची पक्की समजूत, त्यामुळे या कामात त्यांचा भारी जीव.

त्या वर्षी सगळ्यांत पहिला आला मिणमिण्या नावाचा काजवा. करंजाच्या ढोलीत रात्री जागणाऱ्या पोरांसाठी शाळा काढायची, एवढंच त्याचं स्वप्न होतं. पण पदवी नसलेल्याला शिकवायची बंदी होती.

समारंभाच्या आदल्या दिवशी कुलगुरू कासवरावांनी त्याला जवळ बोलावलं. या पोरावर त्यांची फार माया.

“लेका, चार तर शब्द आहेत. म्हणून टाक. तोंड काही झिजत नाही.”

“तोंडाने म्हणेन हो, गुरुजी. पण शेपटीचं काय करू? शपथ म्हणायला गेलो की ही शहाणी मध्येच लुकलुकते!”

कासवरावांना हसू फुटलं. मिणमिण्या मात्र हसला नाही.

“सूर्य थोरच आहे, कोण नाही म्हणतं? पण आईने मला बाराखडी तिच्या उजेडात शिकवली. तो उजेड नव्हताच, असं कसं म्हणू?”

कासवराव बराच वेळ त्याच्या पंखांवरून हात फिरवत राहिले. दंडक मोडणं त्यांच्याही हातात नव्हतं.

समारंभात थोर आधी, धाकटे मागून, अशी रीत. हत्तीने संथपणे शपथ घेतली, गव्याने घेतली, माकडाने तर ती दोनदा चुकवली. मिणमिण्याची पाळी येईतो दिवेलागण झाली.

तो पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला, “मला नाही जमायचं. येतो, गुरुजी.”

“थांब!” कोंबडेराव कडाडले. “शपथ ऐकल्याशिवाय इथून कुणी जात नसतं. उद्या म्हणशील, मला वाचून दाखवलीच नाही! आधी नीट ऐक, मग खुशाल नाही म्हण.”

त्यांनी ताडपत्र उचललं. लांब धरलं, जवळ धरलं, तिरकं धरलं. पण अंधार पडल्यावर कोंबड्याला दिसतंय कुठलं! ते जाम चिडले.

“अरे ए, बघत काय राहिलास? ये इकडे, या पानावर बस. अक्षर लागत नाही मेलं!”

मिणमिण्या मुकाट्याने येऊन ताडपत्राच्या कडेला बसला. पानावर हिरवट उजेड पसरला. कोंबडेरावांनी चोच पानाला टेकवली आणि ठसक्यात वाचायला सुरुवात केली.

“सूर्यावाचून... दुसरा... उजेड...”

सगळ्या सभेच्या माना त्या हिरवट उजेडाकडे वळल्या.

“वाचा की, कोंबडेराव,” कासवराव मायेने म्हणाले. “थांबलात का?”