दोन तीरांवरच्या बहिणी

आपल्या पणजोबांच्याही पणजोबांनी ऐकलेली, फार जुन्या काळातली ही गोष्ट. एका नदीच्या दोन तीरांवर दोन राज्यं होती.

ऐलतीरावर सगळं सर्वांचं होतं. शेतं सर्वांची, माग सर्वांचे. धान्य राज्याच्या कोठारातून घरटी सारखं मिळे. कुणी उपाशी झोपत नसे. पण कोठारापुढच्या रांगेत अर्धा दिवस जाई, आणि कापड कसलं विणायचं तेही कोठारीच ठरवी.

पैलतीरावर ज्याचं त्याचं होतं. बाजार सदा गजबजलेला. हातात कसब असेल त्याचं घर भरे. हात थांबला की चूलही थांबे.

ऐलतीरावर येसू आणि तानी या विणकर बहिणी राहत. तानीला लुगड्यावर मोर विणायची भारी हौस. तिने कोठाऱ्याला विचारलं.

तो म्हणाला, "बाई, एकीला मोराचं लुगडं दिलं तर बाकीच्यांनी काय नेसायचं? साधंच विण."

तानी रडली. म्हणाली, "अक्का, चल, पलीकडे जाऊ."

"मला दोन वेळची भाकरी पुरे गं," येसू म्हणाली. "तू जा. सुखात राहा."

तानी गेली. तिचे मोर पाहायला गावोगावचे लोक आले. दहा वर्षं ती मनासारखं विणत होती, आणि खरोखरच सुखी होती. इकडे येसू रोज तेच पांढरं कापड विणी. पोट भरलेलं असे; पण तुला काय आवडतं, असं तिला कधी कुणी विचारलं नाही.

पुढे तानीची बोटं वाताने आखडली, साठवलेलंही संपलं. तिच्या लुगड्यांवर ज्याने माडी बांधली, त्या व्यापाऱ्याकडे ती गेली. तो दुष्ट नव्हता. "ताई," तो खाली बघत म्हणाला, "तुला फुकट दिलं तर उद्या दारात रीघ लागेल. बाजार असा चालत नाही."

उपाशी तानी नावेत बसून माहेरच्या काठावर उतरली. कोठारी म्हणाला, "तुझं नाव यादीतून गेलंय. वरून हुकूम येईपर्यंत तुला दाणा देता येत नाही."

येसू धावत आली. "माझ्यातली अर्धी भाकरी देते!"

"आपला वाटा दुसऱ्याला देणं गुन्हा आहे, अक्का," कोठारी म्हणाला. " मी हुकूम मागवतो."

येसूच्या पदराखाली भाकरी होती. समोर शिपाई उभा होता. ती घाबरली आणि परत फिरली.

हुकूम पाचव्या दिवशी आला. तोवर तानीने वाळूवरच प्राण सोडला होता.

कोठारी रडत म्हणाला, "मंजुरी आली आहे हो!"

येसू बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. "तुम्ही नियम पाळलात, व्यापाऱ्यानेही पाळला," ती म्हणाली. "पण भाकरी माझ्या हातात होती. मीही नियमच पाळला."

त्यानंतर येसू पुष्कळ वर्षं जगली. पण पहिला घास उचलला की तिचे डोळे भरून येत.

तात्पर्य: राज्य कोणतंही असो, भुकेल्याला आधी घास द्यावा, नियम मागाहून पाहावा.